ड्रोन उडवण्याआधी जमीन चालून पाहा

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आता लग्न असो, फार्महाऊसवरचा वाढदिवस असो की १४ एप्रिलची मिरवणूक असो, डोक्यावर घोंघावणारा ड्रोन हमखास दिसतो. ज्या घरातला मुलगा पूर्वी दुसऱ्याच्या स्टुडिओत दिवे आणि स्टँड उचलत होता, त्याच घरातला मुलगा आज स्वतःचे यंत्र घेऊन ऑर्डर घेतो आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. हाताला कसब आले, चार पैसे सुटू लागले, दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याची वेळ टळली. परंतु या यंत्रासाठी अनेक घरांत पतपेढीचे किंवा बचत गटाचे कर्ज निघालेले असते. यंत्र एका तारेत अडकले तरी हप्ता चालूच राहतो. आणि तेच यंत्र एखाद्या लेकराच्या डोक्यावर पडले, तर त्याची भरपाई कोणत्याही हप्त्यांनी होत नाही.

म्हणून आज एकाच प्रश्नाचा विचार करू. ड्रोन किती उंचीवर ठेवावा आणि वाटेतले अडथळे आधीच कसे ओळखावेत? अनेक तरुण मित्रांना वाटते की हे काम यंत्र स्वतःच करते, त्यात एवढा पैसा घातला तो त्यासाठीच. हा समज सपाट मैदानावर कदाचित निभावून जाईल. आपल्या डोंगराळ भागात तो घात करतो.

आकडा कोठून मोजला जातो?

रिमोटच्या पडद्यावर उंचीचा आकडा दिसतो. समजा तो १०० मीटर आहे. हे शंभर मीटर कोठून मोजलेले आहेत? ड्रोनच्या खाली त्या क्षणी जी जमीन आहे, तिथून नव्हे. ज्या जागेवरून ड्रोन उडवला, त्या जागेपासून ते मोजलेले असतात. या एका गोष्टीचा उलगडा झाला की अर्धे अपघात टळतील.

यंत्रात हवेचा दाब मोजणारा एक छोटा भाग असतो. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो. आपल्या उंचीवर साधारणपणे दर ८ मीटरला एक मिलिबार इतका. उड्डाणाच्या जागी जो दाब होता तो शून्य धरून यंत्र पुढचा हिशेब करते. खाली शेत आहे, टेकडी आहे की दरी आहे, याची त्या भागाला काहीच खबर नसते. शिवाय पावसाळी हवेत दाब आपोआपही बदलतो. एक मिलिबार बदलला की यंत्र जागेवर असूनही आकड्यात सात-आठ मीटरचा फरक पडू शकतो. काही ड्रोनच्या पोटाला जमीन पाहणारे संवेदक असतात, पण ते थोड्याच मीटरपर्यंत काम करतात आणि वाहते पाणी किंवा डुलणारे भातपीक खाली असले की फसतात. उल्हास किंवा पेज नदीवर पाण्याला चिकटून चित्रण घेण्याचा मोह अनेकांना होतो. तिथे यंत्राच्या या डोळ्यांवर विसंबू नये.

आता आपल्या भूगोलाकडे पाहू. नेरळ समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटरवर आहे आणि माथेरान आठशे मीटरच्या आसपास. म्हणजे काही किलोमीटरच्या अंतरात जमीन साडेसातशे मीटर वर चढते. समजा, आपण डोंगराच्या पायथ्याशी उभे राहून ड्रोन १०० मीटरवर नेला आणि सरळ डोंगराकडे सोडला. पडद्यावरचा आकडा १०० वरून हलत नाही, म्हणून आपण निर्धास्त. परंतु खालची जमीन पावलागणिक वर येते आहे. पुढे अशी एक जागा येते की जमीन त्या शंभर मीटरला गाठते. आकडा शंभरच दाखवत असतो आणि ड्रोन झाडीत घुसलेला असतो.

उलटा प्रकारही तितकाच खरा. माथेरानच्या एखाद्या पॉइंटवर उभे राहून कोणी ड्रोन फक्त २० मीटर वर घेतला आणि कड्याबाहेर नेला. पडद्यावर २०, पण खाली शेकडो मीटर खोल दरी. कायद्याने घालून दिलेली उंची जमिनीपासून मोजायची असते, आपण उभे आहोत त्या कड्यापासून नव्हे. म्हणजे आकडा २० असताना कायदा मोडलेला असतो. त्यातच दरीत खाली उतरवलेला ड्रोन पुन्हा वर आणायला बॅटरी झपाट्याने संपते, हे ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारचे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले. त्यात नकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग केलेले आहेत. हिरव्या भागात जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत, परवानगीशिवाय उडवता येते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर, म्हणजे २०० फूट होते. त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय मुळीच नाही.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. कर्जत शहर आणि खालापूर गाव त्या १२ किलोमीटरच्या पट्ट्याबाहेर आहेत. परंतु कर्जतचा मुलगा पनवेलची ऑर्डर घेतो, तेव्हा त्याच्या पायाखालचा नियम बदललेला असतो. म्हणून ऑर्डरचा ॲडव्हान्स घेण्यापूर्वी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या डिजिटल स्काय नकाशावर ती जागा पाहून घ्यावी. पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्या वरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल ठरवू शकतो. त्यामुळे मागच्या महिन्यात चालले म्हणून आज चालेल, असे समजू नये.

आणखी दोन गोष्टी. पैसे घेऊन चित्रण करायचे आणि ड्रोनचे वजन २५० ग्रॅमच्या वर असेल, तर उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र हवे. त्यासाठी १० वी उत्तीर्ण आणि वय १८ ते ६५ एवढी अट आहे. प्रशिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतूनच घ्यावे लागते. तसेच २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र सोडले तर दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा बंधनकारक आहे. विम्याचा खर्च वाचवणारा मनुष्य आपले घर पणाला लावत असतो.

परंतु कायद्याची उंची आणि सुरक्षित उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. द्रुतगती मार्गाच्या खोपोली ते कुसगाव या नव्या जोडरस्त्यासाठी घाटात दोरांवर तोललेला पूल उभारला आहे. त्याचे मनोरे १८० मीटरच्या घरात उंच आहेत. म्हणजे १२० मीटरवर नियमाने चालणारा ड्रोन त्या मनोऱ्याच्या टोकाच्या बऱ्याच खाली असेल आणि मध्ये तिरपे दोर असतील. नियम पाळला म्हणून अडथळा बाजूला होत नाही. तो आपण शोधायचा असतो.

दिसणारा मनोरा, न दिसणारी तार

आपल्या भागाला विजेच्या तारांचा जुना शेजार आहे. खोपोलीच्या वीजघरातून १९१५ पासून मुंबईकडे वीज जाते आहे. भिवपुरीचे वीजघर १९२२ साली सुरू झाले. त्यानंतर अनेक वाहिन्यांची भर पडली. या तारा शेतांवरून, नद्यांवरून, एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर जातात. टेकडीवरून टेकडीवर जाणारी तार मधल्या दरीच्या तळापासून किती उंच असेल, याचा अंदाज खाली उभ्या माणसाला येत नाही.

तारेविषयी तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, तार दिसत नाही, खांब दिसतो. ड्रोनच्या कॅमेऱ्यात पन्नास पावलांवरची तारही पार्श्वभूमीत विरून जाते. अडथळे ओळखणारे संवेदक भिंत ओळखतात, जाड खोड ओळखतात, परंतु बारीक तार, निष्पर्ण फांदी आणि काच यांना फसतात. अंधार पडू लागला की त्यांचा उपयोग आणखी कमी होतो, आणि वेगाने उडवण्याच्या पद्धतीत पुष्कळ यंत्रांत ते बंदच होतात. म्हणून आपण तार शोधू नये, खांब शोधावा. एक खांब दिसला की दुसरा शोधावा आणि दोहोंच्या मध्ये तार आहे असे धरूनच चालावे.

दुसरी गोष्ट, सर्वांत वरची तार सर्वांत बारीक असते. मोठ्या मनोऱ्यांवर वीज वाहणाऱ्या जाड तारांच्या वर, अगदी टोकाशी, वीज पडण्यापासून रक्षण करणारी एक पातळ तार असते. जाड तारांच्या वरून ड्रोन काढला म्हणून सुटलो असे वाटते आणि तो या पातळ तारेवर आदळतो.

तिसरी गोष्ट, दोन मनोऱ्यांच्या मध्ये तार झोळ खाते. तिची उंच जागा मनोऱ्यापाशी असते आणि तिथे निदान मनोरा डोळ्यांना दिसतो. हेलिकॉप्टर चालवणाऱ्यांना म्हणूनच शिकवले जाते की तार ओलांडायचीच असेल तर मनोऱ्याच्या माथ्यावरून ओलांडा. आपल्यासाठी त्याहून साधा नियम बरा. मोठ्या वाहिनीपासून आडवे ३० मीटर तरी दूर राहावे आणि ती ओलांडूच नये. तार आड येत असेल तर गाडी काढून पलीकडे जावे आणि तिथून उडवावे.

यातच एक जीवन-मरणाची सूचना. ड्रोन तारेत अडकला तर बांबू, काठी किंवा शिडी घेऊन तो काढायला जाऊ नका. ओला बांबू वीज वाहतो. कल्याण-कर्जत-खोपोली लोहमार्गावरच्या तारेत २५ हजार व्होल्ट वीज असते. तिला प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असे नाही, पुरेसे जवळ गेले तरी ती झेप घेते. गावातल्या तारेसाठी महावितरणला कळवावे, रेल्वेच्या तारेसाठी स्टेशन मास्तरला. ड्रोन गेला तर गेला. आईला मुलगा हवा असतो, ड्रोन नव्हे.

कागदाची घडी आणि काठीची सावली

झाड, मोबाइलचा टॉवर किंवा इमारत किती उंच आहे, हे अंदाजाने सांगायला गेले की आपण बहुधा कमीच सांगतो. मोजण्यासाठी महागडे साधन लागत नाही. शाळेतली भूमिती पुरते.

एक चौरस कागद घ्या आणि कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घाला. काटकोन त्रिकोण तयार होतो. त्याची एक लहान बाजू जमिनीला समांतर धरा आणि दुसरी लहान बाजू झाडाकडे, उभी ठेवा. लांब तिरप्या कडेवरून झाडाच्या शेंड्याकडे पाहा. शेंडा त्या कडेच्या रेषेत येईपर्यंत मागे-पुढे सरका. तो रेषेत आला की जिथे उभे आहात तिथून झाडाच्या बुंध्यापर्यंतचे अंतर मोजा आणि त्यात आपल्या डोळ्यांची उंची मिळवा. अंतर २२ मीटर आणि डोळे दीड मीटरवर असतील, तर झाड साडेतेवीस मीटरचे. आपली दहा पावले एकदा टेपने मोजून ठेवली की अंतरासाठी पुन्हा टेप लागत नाही.

ऊन असेल तर दुसरी रीत. एक मीटरची काठी उभी धरा आणि तिची सावली मोजा. ती ८० सेंटिमीटर भरली आणि त्याच वेळी झाडाची सावली १६ मीटर भरली, तर झाड २० मीटर उंच. दोन्ही रीती सपाट जागेवरच खऱ्या ठरतात, उतारावर फसवतात. घरातल्या आठवी-नववीच्या मुलीला बरोबर न्यावे. तिच्या पुस्तकातले गणित तिला शेताच्या बांधावर भेटेल आणि आपल्या दादाच्या धंद्यातही आपला हात आहे असे तिला वाटेल.

परतीची उंची

रिमोटचा संपर्क तुटला की बहुतेक ड्रोन आपणहून घरी परततात. ही सोय चांगली आहे, पण ती डोळस नाही. यंत्र आधी एका ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत सरळ वर जाते आणि मग सरळ रेषेत उड्डाणाच्या जागेकडे येते. ही परतीची उंची कारखान्यातून काहीतरी घालून दिलेली असते. त्या कारखान्याला आपल्या चौकमधला टॉवर माहीत नसतो. ती उंची प्रत्येक नव्या जागी आपण बदलायची असते.

हिशेब असा करावा. आपण नदीकाठी उभे आहोत. जिथे चित्रण करायचे तो बंगला आणि आपण यांच्या मध्ये एक उंचवटा आहे, तो आपल्यापेक्षा ३० मीटर उंच. त्यावर ४५ मीटरचा मोबाइल टॉवर. दोन्हींची बेरीज ७५. तीत २० मीटर मोकळीक मिळवा. परतीची उंची झाली ९५ मीटर. ही २० मीटरची मोकळीक चैन नव्हे. दाबाच्या हिशेबातली चूक, वाऱ्याचा झटका आणि आपल्या मोजणीतली कसर तिच्यातूनच भागते. बेरीज १२० च्या वर जाऊ लागली तर उड्डाणाची जागा बदलावी.

झाडाखालून, पुलाखालून किंवा मंडपाच्या छताखालून उडवताना आणखी सावध राहावे. तिथे संपर्क तुटला तर वर जाण्याच्या नियमाप्रमाणे यंत्र सरळ छतावर आदळेल. तसेच उपग्रहांचा संदेश पुरेसा मिळून घरची जागा नोंदली गेल्याशिवाय उड्डाण करू नये. घाई केली तर यंत्राला आपले घरच ठाऊक नसते.

कड्याच्या कुशीत

राजमाचीच्या पायथ्याला, कोंदिवडे गावाच्या वर, कोंडाण्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानल्या जाणाऱ्या या सोळा लेण्यांच्या दर्शनाला आपल्यातली अनेक कुटुंबे जातात, आणि पावसाळ्यात लेण्यांसमोर कड्यावरून कोसळणारे पाणी पाहून ड्रोन बाहेर काढण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु हे संरक्षित स्मारक आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीशिवाय तिथे ड्रोन उडवता येत नाही. जो वारसा दोन हजार वर्षे टिकला, त्याच्या कोरीव कमानीवर आपल्या पात्याचा ओरखडा उमटू नये, एवढी जाण ठेवली पाहिजे.

अशा कोणत्याही कड्याच्या कुशीत उडवणे का अवघड, तेही समजून घ्यावे. कडा अर्धे आकाश झाकतो. त्यामुळे कमी उपग्रह दिसतात, आणि जे दिसतात त्यांचा संदेश कातळावर आपटून वाकडा येतो. यंत्राला आपली जागा नीट कळत नाही आणि ते एका जागी स्थिर न राहता कड्याकडे सरकू लागते. वाराही तिथे सरळ वाहत नाही. डोंगराच्या ज्या बाजूला वारा आदळतो तिथे तो वर चढतो आणि पलीकडच्या बाजूला खाली कोसळतो. पायथ्याशी पान हलत नसताना शंभर मीटरवर जोराचा वारा असू शकतो. दुपारनंतर समुद्राकडचा वारा जोर धरतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे आणि येताना वाऱ्याबरोबर यावे. वाऱ्याबरोबर लांब गेलेला ड्रोन परतताना अर्ध्या वाटेत बॅटरी संपवतो. आपल्याकडे घारीही पुष्कळ आहेत. घार घिरट्या घालू लागली की तिच्याशी स्पर्धा न करता खाली उतरावे.

नजरेआड झाला की हाताबाहेर गेला

पडद्यावर चित्र दिसते म्हणजे ड्रोन दिसतो असे नव्हे. कॅमेरा समोरचे दाखवतो. बाजूचे, मागचे आणि वरचे दाखवत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ मोठा वणवा पेटला होता. एका माणसाने वाहनतळाच्या इमारतीवरून ड्रोन उडवला आणि आगीचे दृश्य घेण्यासाठी अडीच किलोमीटर लांब नेला. तो त्याच्या नजरेआड झाला आणि आगीवर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखावर आदळला. पंखाला भोक पडले आणि ते विमान ऐन संकटात जमिनीवर बसवावे लागले. त्या माणसावर खटला झाला आणि त्याने गुन्हा कबूल केला. यंत्र अडीचशे ग्रॅमचे की दोन किलोचे, हा प्रश्न तिथे दुय्यम होता.

त्यावरून दोन सवयी लावून घ्याव्यात. दुरून पाहिले की ड्रोन झाडाच्या पुढे आहे की मागे, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून एक सहकारी बाजूला, झाडाच्या रेषेत उभा करावा आणि त्याने ओरडून सांगावे. या कामाला धाकटा भाऊ चालेल, बायको चालेल, पण त्या वेळी त्यांच्या हातात दुसरे काम असू नये. दुसरी सवय, ज्या वाटेने ड्रोन मागे किंवा आडवा न्यायचा आहे, ती वाट आधी कॅमेरा पुढे ठेवून सावकाश पार करावी. नवरा-नवरीपासून हळूहळू मागे जाणारे दृश्य सुंदर दिसते, पण आंब्याची फांदी नेमकी मागेच असते.

खाली माणसे आहेत

गर्दीच्या डोक्यावर ड्रोन नेऊ नये. मिरवणुकीत उंच झेंडे असतात, या खांबावरून त्या खांबावर पताकांच्या दोऱ्या ताणलेल्या असतात, दिव्यांच्या माळा असतात, फटाके असतात. यांतले काहीही यंत्राला नीट दिसत नाही. मिरवणुकीच्या बाजूने, मोकळ्या जागेवरून तिरपे चित्र घ्यावे. ते अधिक चांगलेही दिसते, कारण त्यात चेहरे दिसतात. डोक्यावरून नुसत्या टोप्या दिसतात.

वाड्यावस्त्यांवरून जाताना अंतर उंचीचेच नव्हे, मर्यादेचेही ठेवावे. नदीवर बायका कपडे धूत असतात, आंघोळी चालू असतात. न विचारता वरून कॅमेरा फिरवणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणे होय. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात आणि मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोनांनी गावेच्या गावे जागी ठेवली होती. अनोळखी ड्रोन पाहून लोक घाबरले तर दोष त्यांचा नाही. आधी सरपंचाला, पोलीस पाटलाला किंवा वस्तीतल्या वडीलधाऱ्याला सांगून यावे.

आणि आपत्तीच्या वेळी तर आपला ड्रोन पेटीतच राहू द्यावा. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे सापडलीच नाहीत. मदतीची माणसे डोंगर चढून पायी गेली. हेलिकॉप्टर सज्ज ठेवले होते, परंतु खराब हवेमुळे ते पोहोचू शकले नाही. अशा वेळी मदतीचे हेलिकॉप्टर आले तर ते खालून, दरीतून येते. त्याच्या वाटेत कोणा हौशी माणसाचा ड्रोन असेल तर हेलिकॉप्टरला माघार घ्यावी लागते. बचाव पथकाने मागितले तरच आणि ते सांगतील त्या उंचीवरच उडवावे.

भगिनींसाठी दोन शब्द

महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केली. देशभरातील १५ हजार गटांसाठी ती होती. ज्या भगिनी हे काम करतात किंवा करू इच्छितात, त्यांच्यासाठी उंचीचा प्रश्न उलटा आहे. हा ड्रोन पिकाच्या वर दोन-तीन मीटरच चालतो. १२० मीटरची भीती नाही, पण प्रत्येक बांध हा अडथळा. आपल्याकडची भाताची खाचरे लहान, एकापेक्षा एक खाली उतरणारी, बांधावर झाडे आणि मोटारपंपाची लोंबती केबल. म्हणून फवारणीच्या आधी खाचराच्या चारही कडांनी चालून यावे, काठ्यांना लाल फडकी बांधून अडथळ्यांपाशी रोवावीत आणि कडेची पट्टी सोडून द्यावी. ती पट्टी हातपंपाने मारली तर काही बिघडत नाही.

शेवटी सगळ्याचे सार एवढेच. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी जागेवर जा. यंत्र पेटीतून काढण्यापूर्वी ती जागा पायांनी चालून पाहा. सर्वांत उंच वस्तू कोणती, ती मोजा. खांब मोजा, तारा कोठून कोठे जातात ते कागदावर काढा. जमीन कोणत्या दिशेला चढते आणि कोणत्या दिशेला उतरते, ते लिहा. परतीची उंची बदला. मग आधी सरळ वर न्या, एकदा गोल फिरवून चारही दिशा पाहा आणि त्यानंतरच पुढे सरका. मालक घाई करू लागला, "बाकीचे तर लगेच उडवतात" म्हणाला, तर त्याला हा कागद दाखवा. तरीही तो ऐकत नसेल तर ती ऑर्डर सोडून द्या. हा धंदा पुढची वीस वर्षे करायचा आहे, आणि त्या वीस वर्षांत आपल्या यंत्राखाली कोणाचे डोके फुटले नाही, अशी ख्याती झाली तर गिऱ्हाईक दारात चालून येईल.